हाकेपुरती वीज

१

कप्तान गेला तो हातात रेडिओचा माइक घट्ट धरून, आणि त्याला फ्रिजने मारलं हे बंदरातल्या झाडून सगळ्या लोकांनी सकाळचा चहा व्हायच्या आत ठरवूनही टाकलं.

पलीकडच्या बेटावर दूध, औषधं आणि मांस पोचवणारी ती मालबोट दोघा भावांची. धाकटा सकाळी जेट्टीवर आला, तेव्हा बोट नीट बांधलेली होती आणि थोरला केबिनच्या बाकावर बसल्या जागी थंड पडलेला होता, असं धाकट्यानेच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. पण झटक्यात नेणारा नव्हे, थोडा वेळ देणारा. मदतबोटीला कळलं असतं तर माणूस वाचला असता. कप्तानाने कळवायचा प्रयत्न केला होता हे हातातला माइकच सांगत होता. पण रेडिओ मेलेला, दिवे मेलेले, बॅटऱ्या ठणठणीत कोरड्या. बोटीवर रात्रभर वीज पीत बसतो तो कोण? फ्रिज. आणि फ्रिज बसवला कुणी? वायरमनने. झालं. दुपारपर्यंत वायरमनच्या दुकानाची पाटी गटारात पडली होती, आणि ती पाडणाऱ्यांत त्याच्याकडून फुकटात दुरुस्त्या करून घेतलेले लोक पुढे होते.

चौकशी आली बंदर-कचेरीतल्या तपासणीबाईंकडे. बाईंचं अर्धं आयुष्य मोठ्या जहाजांच्या शीतगृहांत गेलेलं, म्हणून कचेरीत पाठीमागे त्यांना सगळे बर्फबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि ते लागतही होतं. फक्त लागल्याचं दाखवणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

"उद्या संध्याकाळी परवाना समिती बसतेय," बंदरसाहेब म्हणाले. "फ्रिजमुळे बॅटरी संपली, एवढं लिहून आणा. वायरमनचा परवाना रद्द होईल, लोक गप्प बसतील, विषय संपला."

"आणि फ्रिजमुळे संपली नसेल तर?"

"मग काय माशांनी प्यायली?" साहेब स्वतःच हसले. "बाई, उगाच खोलात शिरू नका."

बाई थेट बोटीवर गेल्या. केबिन छोटी, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबावं अशी. बाकाखाली फ्रिजची पेटी होती, वरून झाकण उघडणारी, आणि ती मजेत घुरघुरत होती. जेट्टीवरच्या विजेची केबल कुणीतरी बोटीला लावून ठेवली होती.

बाईंनी झाकण उचललं. दुधाच्या पिशव्या, औषधांचे खोके, आणि तळाच्या थंड पत्र्यावर एक चपटा, लांबट डबा. डब्यात बर्फाची लादी. बाईंनी झाकण लावलं, थोडा विचार केला, पुन्हा उघडलं. लादी एका कडेला चांगली चार बोटं जाड होती, आणि दुसऱ्या कडेला पातळ होत होत डब्याच्या तळाला टेकली होती. वरचा पृष्ठभाग मात्र आरशासारखा गुळगुळीत.

बाहेर जेट्टीवर कप्तानाची बायको भिंतीला टेकून उभी होती.

"वहिनी, ही केबल कुणी लावली?"

"मी," ती म्हणाली. "ह्यांना खाली उतरवत होते, तेव्हा. बोट आली की आधी केबल लावायची, हे रोज सांगायचे. हाताला सवय."

बाईंनी मान डोलावली. ही सवय कुणाच्या मुळावर उठणार आहे, हे त्या वेळी दोघींनाही माहीत नव्हतं.

२

वायरमन गटारातून काढलेली पाटी दुकानाच्या पायरीवर बसून पुसत होता. माणूस आवडण्यासारखा नव्हता. गिऱ्हाइकाला त्याच्या तोंडावर अडाणी म्हणायची त्याची पद्धत होती, आणि आज त्या सगळ्या गिऱ्हाइकांनी एकदम उट्टं काढलं होतं.

"या बाई. दगड आणलाय, की नुसत्याच आलात?"

"नुसतीच आलेय. फ्रिज किती वीज खातो ते सांगा."

"तुम्हाला सांगू? शीतगृहात जन्म गेला तुमचा."

"तरी सांगा."

वायरमनने फडका बाजूला टाकला. "घरातला फ्रिज विजेच्या खांबावर जगतो, त्याला मोजून प्यावं लागत नाही. बोटीवरचा फ्रिज बाटलीतून पितो. बॅटरी म्हणजे बाटली. कॉम्प्रेसर चालतो तेव्हा घोट घेतो, पेटी गार झाली की थांबतो. चालायचं, थांबायचं. थांबण्याचा वेळ जितका जास्त, तितकी बाटली पुरते. उन्हाळ्यात थांबणं कमी होतं. आत गरम पातेली ठेवली, त्याच्या मागच्या जाळीवर गोणपाटं कोंबली, की बिचारा थांबतच नाही. मग लोक म्हणतात, फ्रिज आधाशी. आधाशी हे लोक!"

"म्हणजे त्या रात्री तो थांबला नसेल, आणि बाटली संपली."

"नाही!" वायरमन उठूनच उभा राहिला. "तसं होऊच शकत नाही. मी कटऑफ लावलाय. बॅटरी ठरावीक रेषेच्या खाली गेली, की फ्रिज आपोआप बंद. दूध नासेल, नासू दे. खाली उरलेली वीज रेडिओची. कप्तानानेच सांगितलं होतं तसं. म्हणाला, माल गेला तर गेला, हाकेपुरती वीज राहिली पाहिजे." त्याने फडका पुन्हा उचलला. "इंजिनाला वेगळी बॅटरी घ्या म्हणून मी ओरडत होतो. धाकटा म्हणाला, नको, नसता खर्च. एकाच बाटलीत सगळ्यांची तोंडं. पण तरी कटऑफ आहे, बाई. तुम्ही स्वतः बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, कुणीच ठेवत नाही सध्या."

"कटऑफ बिघडला असेल."

"मग लिहा तसं, आणि परवाना घेऊन जा. या वयात मी दुसरं काय करणार, दोऱ्या विकू?"

हे त्याने चिडून म्हटलं, पण आवाज मध्येच फाटला, आणि तो लपवायला तो पुन्हा पाटी पुसू लागला. बाईंना त्याची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला.

त्या परत बोटीवर गेल्या. एव्हाना बॅटऱ्या जेट्टीच्या विजेवर भरल्या होत्या. बाईंनी केबल काढली, मोठा शोधदिवा लावला, केबिनचे दिवे लावले, आणि बाकावर बसून राहिल्या. कप्तान बसला होता तिथेच बसायची वेळ आली, कारण दुसरी जागाच नव्हती. खाली फ्रिज चालला, थांबला, चालला, थांबला. दिवे हळूहळू पिवळट होत गेले. मग पेटीतून टक् असा आवाज आला आणि फ्रिज गप्प झाला. बाईंनी लगेच सगळे दिवे बंद करून वाट पाहिली. फ्रिज उठला नाही. कटऑफ ठणठणीत होता.

त्यांनी माइक उचलला. "कंट्रोल, ऐकू येतंय?"

"येतंय, बोला," रेडिओतून खणखणीत उत्तर आलं.

"काही नाही. चाचणी."

बाईंनी माइक खुंटीला लावला आणि केबल पुन्हा जोडली. फ्रिजने आपला वाटा पिऊन रेडिओचा वाटा शिल्लक ठेवला होता, आणि त्या रात्रीही तसंच केलं असणार. मग उरलेली वीज कुणी प्यायली?

३

धाकट्याकडे उत्तर तयार होतं. तो कचेरीच्या व्हरांड्यात बसला होता, डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"दादाने शोधदिवा चालू ठेवला असेल, मॅडम. तो विसरायचा हल्ली. आणि जेट्टीच्या सॉकेटमध्ये वीज नव्हती म्हणे. पंपवाला रात्री मेन स्विच पाडतो. केबलमधून वीज आली असती तर बॅटरीला हात लागलाच नसता."

"बोट रात्रभर जेट्टीलाच होती?"

"संध्याकाळपासून. दादा म्हणाला, सकाळी लवकर माल भरायचाय, मी इथेच झोपतो. मी घरी गेलो."

"नांगराची रस्सी ओढायचं विंच वगैरे वापरलं होतं?"

"विंच कशाला? नांगर टाकायचा प्रश्नच नाही. पंधरवडा झाला, हात लावला नाही."

डिझेल पंपवाल्याची खोली जेट्टीच्या तोंडाशीच होती. मेन स्विचचं नाव काढताच म्हातारा भडकला.

"मी पाडतो? बाईसाहेब, माझा पंखा त्याच लाइनीवर आहे! रात्रभर चालला. नसता चालला तर डासांनी मला उचलून नेलं असतं."

"रात्री काही ऐकलंत?"

"काही नाही. आणि माझी झोप कशी, विचारा कुणालाही. जेट्टीवर कुत्रं खाकरलं तरी मी उठून बसतो."

"बाहेर बघितलंत?"

"कशाला बघू? खिडकी रस्त्याकडे आहे. आवाज आला असता तर आलो असतो." तो जरा वरमला. "त्याने एक हाक मारायची होती हो. मी इथेच तर होतो."

बाई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. बोट तिथून अगदी हाकेच्या अंतरावर होती. छातीत कळ आली, जेट्टीवर माणूस झोपलाय हे माहीत आहे, तर माणूस आधी काय करेल? ओरडेल. निदान भिंतीवर काहीतरी आपटेल. कप्तानाने तसलं काही केलं नाही, सरळ रेडिओ उचलला. रेडिओ तिथे उचलतात, जिथे ओरडलं तरी ऐकणारं कुणी नसतं.

"ही बोट नेहमी अशीच बांधतात का?" त्यांनी विचारलं.

पंपवाल्याने डोळे बारीक केले. "आता तुम्ही म्हणताय म्हणून... नाही. कप्तान कायम तोंड समुद्राकडे करून बांधायचा. निघताना वळवायला नको म्हणून. आणि आज तिचं तोंड जमिनीकडे. कप्तान गेला म्हणून जणू रुसून बसलीय."

बाई वाकून बोटीच्या कुशी बघू लागल्या. डावी बाजू मळकट, शेवाळलेली, महिनोन्‌महिने हात न लागलेली. उजवी बाजू मात्र पाण्याच्या रेषेच्या पार वरपर्यंत लख्ख धुतलेली. घरात मयत झालेलं असताना बोटीची एकच बाजू धुवायला कुणाला सुचलं?

४

वहिनी स्वयंपाकघरात होती. चूल थंड. शेजारणी येऊन गेल्याच्या खुणा ताटांतून झाकून ठेवलेल्या. फडताळावर कप्तानाचा मोबाईल चार्जरला लावलेला होता, तो त्याने कधीच पाण्यावर नेला नव्हता.

बाई काही विचारायच्या आतच तिने विचारलं, "ताई, मी गरम पातेली ठेवत होते त्या फ्रिजमध्ये. हे ओरडायचे, आधी निवू दे म्हणायचे. मला कुठला धीर? त्या दिवशी दुपारीसुद्धा डब्यात उकळलेलं पाणी तसंच ओतून ठेवलं, लादी व्हायला. रात्रभर चालत राहिला असेल ना तो फ्रिज? माझ्यामुळेच ना?"

म्हणजे सकाळपासून हे घेऊन बसली होती ही बाई. वायरमनला भर रस्त्यात शिव्या देतानाही आत हेच कुरतडत असणार.

"नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या पातेल्यांनी फ्रिज दमला असेल. पण तो रेडिओच्या वाट्याला हात लावू शकत नाही, मी करून बघितलं. तुमच्यामुळे नाही, आणि वायरमनमुळेही नाही."

वहिनीने पदर तोंडाला लावला आणि रडली. रडणं ओसरल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "तो डबा दुपारी ठेवलात तेव्हा बोट कुठे होती?"

"जेट्टीला. का?"

बाईंचं लक्ष मागच्या दाराबाहेर गेलं होतं. दोरीवर पुरुषाचे कपडे वाळत होते. एक पँट धुऊनही कमरेपर्यंत तपकिरी राहिली होती. गाळाचा डाग तो, एका धुण्यात जात नाही.

"भाऊजींची?"

वहिनीचा चेहरा एकदम बंद झाला. "असेल."

"कधी धुतलीत?"

"कपडे रोजच धुते मी."

"वहिनी, जेट्टीवर कमरेएवढा गाळ कुठेच नाही."

"ताई," वहिनी शांतपणे म्हणाली, "ह्या घरात आता एकच कमावता पुरुष उरलाय. माझी सासू आत अंथरुणावर आहे. तुम्ही चहा घेणार का?"

बाई चहा न घेता उठल्या. रस्त्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की वहिनीला काहीतरी माहीत आहे. पण जे माहीत आहे ते सगळं नाही. आणि उरलेलं आपल्याला तिच्या देखतच बोलावं लागणार. त्यांनी बंदरसाहेबांना फोन लावला आणि सगळ्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी, समितीच्या आधी, बोटीवर बोलावून घेतलं.

५

केबिनमध्ये साहेब, धाकटा आणि वहिनी कसेबसे मावले. बाई फ्रिजपाशी. वायरमन दाराबाहेर डेकवर, हत्यारांची पिशवी पायाशी ठेवून. त्याला आत या म्हणून कुणी म्हटलं नाही.

"आटपा, बाई," साहेब म्हणाले.

बाईंनी पेटीचं झाकण उचललं आणि डबा काढून सगळ्यांपुढे धरला. "ही लादी बघा. वहिनींनी काल सकाळी केबल लावली म्हणून ती टिकली. एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला नाहीच. पाणी कधी असं उतरतं गोठतं का?"

"पेटीचा तळच वाकडा असेल," धाकटा म्हणाला.

बाईंनी एक थाळी पेटीत डब्याच्या जागी ठेवली आणि तीत पाणी ओतलं. पाणी चारी कडांना सारखं उभं राहिलं. "तळ सपाट आहे. पाणी नेहमी सरळच असतं, वाकडी होते ती बोट. हे पाणी गोठत होतं तेव्हा बोट उजव्या कुशीवर आडवी पडली होती. लाटेवर डुलत नव्हती. डुलली असती तर बर्फ असा गुळगुळीत झाला नसता. कित्येक तास एकाच जागी, एकाच कलाने पडून होती. जेट्टीला बांधलेली बोट अशी कलंडत नाही. ओहोटीला गाळात रुतलेली बोट कलंडते."

पेटीतल्या थाळीतलं पाणी तेवढं थरथरलं.

"म्हणून उजवी कूस धुवावी लागली. म्हणून बोटीचं तोंड जमिनीकडे. भरतीने जशी आत आणून सोडली तशी बांधली, वळवायला इंजिन चालू होत नव्हतं. म्हणून कप्तानाने ओरडण्याऐवजी रेडिओ उचलला. खाडीच्या तोंडावर ओहोटीला उघडा पडणारा गाळाचा पट्टा आहे, तिथे ऐकणार कोण?"

"दादा गेला असेल एकटा," धाकटा म्हणाला. "मला काय माहीत?"

"तुझा दादा ओहोटीला तो पट्टा कापून जाणारा माणूस होता का?" बाईंनी आता अहोजाहो सोडलं होतं. "आणि एकटा होता, तर मेल्यावर बोट बांधली कुणी? चल, पुढे चल."

त्या सगळ्यांना घेऊन विंचपाशी गेल्या. विंचवर नांगराची रस्सी गुंडाळलेली होती, वरचे वेढे स्वच्छ, वाळलेले. बाईंनी रस्सी ओढायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा, आणखी काही, आणि मग आतले वेढे निघाले ते ओलसर, काळ्या गाळाने लडबडलेले. गाळाचे पोपडे डेकवर पडत राहिले.

"पंधरवडाभर हात न लावलेलं विंच," बाई म्हणाल्या.

वायरमन प्रथमच बोलला, आणि तेही साहेबांकडे बघून. "विंच म्हणजे पाण्याचा बंब. फ्रिज रात्रभरात घोट घोट पिईल तेवढं ते उभ्या उभ्या पितं. आणि त्याला कटऑफ नसतो. मी लावू का विचारलं होतं. नको म्हणाले, अडीनडीला बंद पडलं तर?"

धाकटा डेकवरच बसला. वहिनी त्याच्याकडे बघत होती. ती घाबरलेली नव्हती. हे इथपर्यंत तिच्या हिशेबात होतं.

"भाऊजी, सांगून टाका," ती म्हणाली. "बोट रुतली हे लपवलंत, एवढंच ना? घाबरलात. मी गाळ पाहिला होता. म्हणूनच विचारलं नाही."

"एवढंच नाही, वहिनी," बाई म्हणाल्या. ही वाक्यं बोलायची त्यांना मुळीच इच्छा नव्हती. "बोट गाळात आडवी झाली तेव्हा फ्रिज नीट चालू होता, बर्फ त्याची साक्ष आहे. म्हणजे बॅटरीत भरपूर वीज होती. रेडिओ चालू होता. पुढे बॅटरी उतरली तेव्हा फ्रिजने स्वतःला बंद करून घेतलं, तेव्हाही रेडिओ चालू होता. एका हाकेला किती वीज लागते? काहीच नाही. मग हाक का मारली नाही?" त्या धाकट्याकडे वळल्या. "पुढच्या आठवड्यात तुझी कप्तानकीची परीक्षा आहे, हे मी कचेरीत बघितलं."

धाकट्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि बोलू लागला. बोलायला लागल्यावर थांबेना.

"दादा म्हणाला, चल, परीक्षेआधी एकदा अंधारात बोट आणून दाखव. सुकाणू माझ्या हातात होतं. तो सांगत होता, वळसा घाल, पाणी उतरतंय. मी म्हटलं, बसतेय, बसतेय. रुतली. इंजिनाच्या नळीत गाळ गेला, ते बंद केलं. दादा हसला आधी. म्हणाला, बस आता भरती येईपर्यंत, गप्पा मारू. मग त्याला घाम फुटला. हात दुखतोय म्हणाला. माझ्या मोबाईलला रेंज नाही तिथे. दादा म्हणाला, हाक मार. कंट्रोलला सांग."

"मग?" हे वहिनीने विचारलं.

"हाक मारली की नोंद होते, वहिनी. कोण चालवत होतं, कुठे रुतली. परीक्षाच गेली मग. मी म्हटलं, दादा, एक ओढ मारतो विंचवर, दोन मिनिटांत सुटते, मीच तुला पोचवतो दवाखान्यात. नांगर घेऊन गाळात उतरलो, लांब नेऊन रोवला, म्हणजे रस्सी ओढली की बोट तिकडे सरकेल. विंच लावलं. हलेना. परत लावलं. दादा आतून पुन्हा म्हणाला, अरे, हाक मार. मी म्हटलं, आता सुटतेच आहे. परत लावलं. मग विंच आचके द्यायला लागलं, आणि बंद पडलं. मी आत आलो तर त्याच्या हातात माइक होता. तो बटण दाबत होता. दिवासुद्धा लागत नव्हता रेडिओचा. माझ्याकडे बघितलं त्याने."

त्याने बाहीने तोंड पुसलं. "नंतर भरती आली आणि बोट आपली आपण उठली. विंच लागलंच नसतं."

साहेबांनी घसा साफ केला. बाईंना वाटलं होतं, कोडं सुटल्यावर बरं वाटेल. बरं वाटलं नाही. त्यांना फक्त राग आला होता, या पोराचा, साहेबांचा, परीक्षेचा, आणि असल्या गोष्टी बरोबर ओळखणाऱ्या स्वतःच्या डोक्याचाही.

"समितीला कळवतो मी," साहेब पुटपुटले. "वायरमनचा तसा दोष दिसत नाही." वायरमन समोर उभा होता, तरी ते बाईंनाच सांगत होते. "आणि हो, माझ्या लाँचचा फ्रिजही हल्ली थांबत नाही. सवडीने बघून जायला सांगा त्यांना."

वायरमन पिशवीतली हत्यारं लावत राहिला.

वहिनी वळली. दिराला ती काही बोलेल, मारेल, निदान रडेल, असं सगळ्यांना वाटलं. ती केबिनमध्ये गेली, रेडिओचं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. तिने खुंटीवरचा माइक काढला, वायर ताणत दाराशी आणला, धाकट्याला तिथे बोलावलं आणि त्याच्या हातात दिला.

"मारा आता हाक," ती म्हणाली.

धाकटा माइककडे बघत राहिला. त्याच्या बोटाखाली बटण दाबलं गेलं असावं, कारण रेडिओ खरखरला आणि पलीकडून आवाज आला.

"कंट्रोल बोलतंय. कोणती बोट?"

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं.

"कोणती बोट? मदत हवी आहे का? बोला."

"त्यांनी दोनदा सांगितलं होतं," वहिनी म्हणाली. "मारा ना."

धाकट्याने माइक छातीशी घट्ट धरला. पलीकडचा आवाज आता काळजीत पडला होता. "ऐकू येतंय का? कुठे आहात? मदतबोट काढू का?"

वायरमनने पिशवी उचलली, दारापाशी आला आणि धाकट्याच्या बोटांतून माइक सोडवून घेतला. सोडवायला जोर लावावा लागला.

"मालबोट," तो माइकमध्ये म्हणाला. "मदत नको. चाचणी होती. रेडिओ चालू आहे."

त्याने माइक खुंटीला लावला, वायर नीट गुंडाळली, आणि पिशवी घेऊन जेट्टीवर उतरला.